शतपावलीचा हिशेब

जेवणानंतर ओसरीवर शतपावली घालणारे वडीलधारे गृहस्थ आपल्या नांदेड-लातूरकडील वाड्यांतून पूर्वीं घरोघर दिसत. आतां वाडे गेले, ओसऱ्याही गेल्या; तरी गच्चीवर किंवा सदनिकांच्या आवारांत ही वहिवाट चालूच आहे. सणावारीं पुरणपोळीवर तुपाची धार जरा सैल हातानें पडली कीं, "त्यांत काय, शतपावलीनें जिरून जाईल" असें म्हणून यजमान पुन्हां ताटावर वांकतात. हें 'जिरणें' म्हणजे नेमकें किती, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. अंकगणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास तो प्रश्न सुचणें साहजिक आहे. उत्तर असें येतें कीं, शंभर पावलांनीं जळणारे उष्मांक अवघे दोन! एक चमचा साखरेच्या दहाव्या हिश्शाइतके.

हें उत्तर आलें कसें, तें पाहूं. एक लिटर पाण्याची उष्णता सेल्सिअसच्या एका अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला आपण एक उष्मांक म्हणूं. शास्त्रज्ञ तिलाच किलोकॅलरी म्हणतात. आपल्या पूर्वसूरींनीं जठराग्नि हा शब्द योजिला. परंतु त्या अग्नीचें माप घेण्याची युक्ति लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच पंडितांस १७८२-८३ च्या सुमारास सुचली. त्यांनीं बर्फानें वेढलेल्या भांड्यांत एक लहान प्राणी ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें हें मोजिलें. पुढें शंभरेक वर्षांनीं अमेरिकेंत ॲटवॉटर यानें माणसासच एका बंद खोलींत ठेवून तसेंच मापन केलें. पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमास चार आणि स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅमास नऊ उष्मांक, हें कोष्टक त्याच्याच परिश्रमाचें फळ होय.

आपल्या देशांतील अन्नाचीं कोष्टकें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें सिद्ध केलीं आहेत. १९५६ पर्यंत जें शहर आपल्या मराठवाड्याची राजधानी होतें, तेथेंच ही संस्था १९५८ साली कुन्नूरहून आली. तिच्या जुन्या कोष्टकाप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत ३४९ उष्मांक, गव्हाच्या पिठांत ३४१, हरभऱ्याच्या डाळींत ३७२, गुळांत ३८३, शेंगदाण्यांत ५६७ आणि तुपांत ९००. आतां पोळीचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरांतच करावा. डाळ, गूळ व कणीक प्रत्येकीं तीस ग्रॅम धरिली तर ३२९ उष्मांक होतात. वर दहा ग्रॅम तूप, त्याचे ९०. म्हणजे एक पोळी सुमारें ४२० उष्मांकांची.

हें झालें जमेचें पान. खर्चाचें पान मांडतांना मात्र बहुतेकांची एक चूक होते. साठ किलो वजनाचा मनुष्य नुसता पडून राहिला तरी त्याच्या देहांत तासाला सुमारें साठ उष्मांक जळतच असतात. श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांचें काम थांबत नाहीं. तो तासभर बऱ्या चालीनें चालला तर एकूण दोनशेंच्या आसपास जळतात. पण त्यांतले साठ न चालतांही जळलेच असते. चालण्याचे म्हणून काय ते एकशें चाळीस. ही वजाबाकी केली म्हणजे सोपा नियम हातीं येतो: सपाट रस्त्यावर वजनाच्या दर किलोस, दर किलोमीटरामागें, अर्धा उष्मांक. साठ किलोच्या मनुष्यास किलोमीटरास तीस. एका पुरणपोळीस म्हणून चौदा किलोमीटर चालावें लागेल. लातुराहून औसें सुमारें वीस किलोमीटर. तेथवर पायीं गेलें तरी दीड पोळी पुरती जिरत नाहीं! साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीस सात किलोमीटर, आणि बोलतां बोलतां तोंडांत टाकलेल्या मूठभर शेंगदाण्यांस सहाला थोडे कमी.

कोणी म्हणेल, चालणें हलकें; चढणें घ्या. माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनास पायऱ्या चढतांना ज्यांची धाप लागली आहे, त्यांस आपण मोठेंच इंधन जाळिलें असें वाटतें. एक उष्मांक म्हणजे ४२७ किलो वजन एक मीटर उचलण्याइतकें काम. साठ किलोचा देह पंधरा सेंटिमीटरांच्या शंभर पायऱ्या चढला तर काम झालें ९०० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे दोन उष्मांकांस किंचित् अधिक. परंतु स्नायूंचें यंत्र मोठें उधळें आहे. रुपयांतले चार आणे कामास लागतात, बारा आणे उष्णता होऊन घामावाटे जातात. म्हणून खर्च चौपट, साडेआठ उष्मांक. शंभर पायऱ्यांस साडेआठ! धाप आणि इंधन यांचा मेळ असा बसत नाहीं.

मग आपल्या आज्या-पणज्या तूप-भाकरी खाऊनही सडपातळ राहत, त्या कशा? विहिरींतून पंधरा लिटरांची एक घागर पंधरा मीटर वर ओढण्यास याच हिशेबानें दोन-अडीच उष्मांक. वीस घागरींस पन्नासाच्या आसपास. तेवढ्यानें कांहीं होत नाहीं. पण पहांटेचें जातें, मग सडा, पाणी, कांडण, धुणें, उठबस, अशी ती पहांटेपासून रात्रीपर्यंतची न तुटणारी माळ असे. २०२० सालच्या भारतीय शिफारशींत पंचावन्न किलोच्या स्त्रीस बैठ्या कामासाठीं दिवसास १६६० उष्मांक सांगितले आहेत आणि कष्टाच्या कामासाठीं २७२०. अंतर १०६० चें, म्हणजे तूप घातलेल्या अडीच पोळ्यांचें. पांसष्ट किलोच्या पुरुषास हेच आंकडे २११० व ३४७०. श्रमाचा खरा मोबदला असा दिवसभराच्या बेरजेंत असतो, तासाभराच्या पराक्रमांत नव्हे. आमच्या घरांतून सकाळीं फिरून आलेल्या पुरुषाच्या पुढें दुसरी पोळी हक्कानें येते, आणि सर्वांची पंगत उठेपर्यंत उभी असलेली सून शेवटीं उरलेल्यावर भागविते. हिशेबाच्या वहींत तिचें पान कोणी उघडीतच नाहीं.

उलट बाजूही आहे. वाढत्या वयाच्या मुली भ्रमणध्वनीवर उष्मांक मोजून फुलका अर्धा करूं लागल्या आहेत. वाढत्या हाडामांसास हें गणित लावूं नये. आणि ज्या यंत्रांवर त्या विसंबतात त्यांचा भरंवसाही बेताचाच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ साली मनगटावरचीं सात यंत्रें तपासून प्रसिद्ध केलें कीं, नाडीचे ठोके बहुतेकांनीं ठीक मोजले, परंतु उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगलें यंत्रही सरासरीनें शेंकडा २७ नें चुकलें, आणि सर्वांत वाईट शेंकडा ९३ नें. परीक्षेच्या पेपरांत अशी चूक असती तर मीं शून्यच दिलें असतें.

लातूर व नांदेड हीं तर आतां शिकवणीवर्गांचीं गांवें झालीं. मुलगा बारा बारा तास अभ्यास करितो म्हणून आया त्यास बदाम, साजूक तुपाचा शिरा भरवितात. मेंदू विश्रांतीच्या खर्चाचा पांचवा हिस्सा घेतो हें खरें. पण तो झोपेंतही जवळजवळ तेवढेंच घेतो. कठीण गणित सोडविल्यानें त्यांत पडणारी भर नगण्य असते. शिरा मेंदूस न जातां पोटावर बसतो. त्या मुलास भूक आहे ती मैदानाची आणि झोपेची.

वजाबाकी तरी सरळ उतरते काय? तीही नाहीं. टांझानियांतील हाड्झा नांवाचे शिकारी लोक रोज मैलोगणती चालतात. परंतु २०१२ साली पाँट्झर व त्याचे सहकारी यांनीं मोजून पाहिलें, तों देहाच्या मानानें त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य नगरवासीयांइतकाच निघाला. एकीकडे खर्च वाढला कीं देह दुसरीकडे काटकसर करितो, असा याचा अर्थ अनेक शास्त्रज्ञ लावितात. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर; साठ किलोच्या वारकऱ्यास आमच्या नियमानें साडेसात हजार उष्मांक लागले. एक किलो चरबींत सुमारें ७७०० असतात. सारी वारी पायीं करून, तीही नेहमींपेक्षां एक घांस अधिक न घेतां, एक किलोही पुरतें उतरत नाहीं. आणि वाटेवर अन्नदान तर गांवोगांवीं. वारकरी कांहीं वजनासाठीं जात नाहीं, ही गोष्ट निराळी.

म्हणून शतपावली टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं, तिची किंमत दुसऱ्याच नाण्यांत आहे. जेवणानंतर रक्तांत साखर चढूं लागते त्याच वेळीं पायांचे स्नायू हलले तर ते ती साखर ओढून घेतात आणि चढ सौम्य होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणींत भारतांत मधुमेही दहा कोटींवर असल्याचें दिसून आलें. अशा घरांत ही गोष्ट लहान नव्हे. मात्र शंभर पावलांनीं न भागवितां दहा-पंधरा मिनिटें सावकाश चालावें, धांवूं नये. एरव्हींच्या व्यायामासही वाग्भटानें निम्म्या शक्तीची मर्यादा घातली आहे, आणि तीही थंडींत व वसंतांत, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानांस. आपल्याकडील उन्हाळ्यांत त्याहूनही कमी.

वजनच उतरवावयाचें असेल तर जमेच्या पानावर हात घालणें सोपें. दिवसास तीन कप चहा, प्रत्येकीं दोन चमचे साखर, म्हणजे तीस ग्रॅम, १२० उष्मांक. ते पायांनीं फेडावयाचे तर रोज चार किलोमीटर. कपांत न घालावयाचे तर कांहींच कष्ट नाहींत. ज्यांचें वजन ऐंशी किलो आहे त्यांनीं किलोमीटरास तीसच्या ठिकाणीं चाळीस धरावेत आणि तीन किलोमीटरांत सुटावें. ज्यांस इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीं मात्र चहा किंवा चालणें यांत मोठा बदल करण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें, आणि फिरावयास जातांना खिशांत खडीसाखरेचे दोन खडे ठेवावे.