मुंबईत मिळणारा ओरॅकलचा शेअर नेमका कोणत्या ओरॅकलचा?

१० सप्टेंबर २०२५. अमेरिकेत ओरॅकल कंपनीचा शेअर एका दिवसात तब्बल ३६ टक्क्यांनी वाढला आणि लॅरी एलिसन काही काळासाठी जगातले सर्वात श्रीमंत माणूस ठरले. त्याच दिवशी, तिकडचा बाजार उघडायच्याही आधी, आपल्याकडे ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर नावाचा शेअर उसळला होता. आदल्या रात्री ओरॅकलने आकडे जाहीर केले होते आणि या शेअरच्याही नावात ओरॅकल होतं, एवढंच निमित्त.

आता गंमत बघा. तिकडची तेजी होती एआय कंपन्यांना क्लाउड भाड्याने देण्याच्या प्रचंड करारांमुळे. मुंबईतली ही कंपनी मात्र बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिचा शेअर घेतला म्हणजे अमेरिकेतल्या ओरॅकलचा तुकडा हाती आला, असं होत नाही. ती ओरॅकलची उपकंपनी आहे, आणि हे नातं नीट समजून घेण्यासारखं आहे.

कंपनी कायदा २०१३ ची व्याख्या साधी आहे. एखाद्या कंपनीची निम्म्याहून जास्त मतं दुसरीच्या हातात असली, किंवा तिच्या संचालक मंडळावर कोण बसणार हे दुसरी ठरवत असली, तर पहिली ही दुसरीची उपकंपनी. पण कायद्याच्या नजरेत दोघी स्वतंत्र व्यक्ती. उपकंपनीचा पॅन वेगळा, ताळेबंद वेगळा, कर्ज वेगळं. मुलगी आईच्या घरात राहते, पण बँकेचं खातं तिचं स्वतःचं. फक्त खात्यातल्या पैशाचं काय करायचं, यात आईचा शब्द मोठा.

मायक्रोसॉफ्ट, गूगल किंवा एसएपी यांच्या भारतातल्या उपकंपन्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत. सगळी मालकी परदेशी कंपनीकडे, त्यामुळे आपल्याला त्यांचे शेअर मिळतच नाहीत. ओरॅकलच्याही भारतात अशा कंपन्या आहेत. डेटाबेस आणि क्लाउड विकणारी ओरॅकल इंडिया प्रायव्हेट लिमिटेड ही त्यातली मुख्य. मग गोरेगावची ही एकच कंपनी शेअर बाजारात कशी?

कारण ती ओरॅकलने जन्माला घातलेलीच नाही.

१९८० च्या दशकात सिटीकॉर्प या अमेरिकन बँकेने स्वतःची सॉफ्टवेअरची कामं करून घेण्यासाठी अंधेरीच्या सीप्झमध्ये कंपनी काढली होती. त्यातूनच पुढे राजेश हुक्कू आणि सहकाऱ्यांनी सिटिल ही दुसरी कंपनी उभी केली. कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. दुसऱ्यांची कामं तासाच्या हिशोबाने करून देण्याऐवजी स्वतःचं तयार सॉफ्टवेअर जगभरच्या बँकांना विकायचं. मायक्रोबँकर हे त्यांचं पहिलं उत्पादन आफ्रिकेत आणि इतर विकसनशील देशांत चाललं. मग आलं फ्लेक्सक्यूब. आजही एचडीएफसी बँकेसारख्या मोठ्या बँकेचा कारभार त्यावर चालतो. तुमचं खातं तिथे असेल तर तुमचे व्यवहार या सॉफ्टवेअरमधूनच जातात. कंपनीचं नाव बदलून आय-फ्लेक्स झालं आणि २००२ मध्ये ती शेअर बाजारात आली.

ओरॅकलची एंट्री होते २००५ मध्ये. सिटीग्रुपचा ४१ टक्के हिस्सा ओरॅकलने ५९.३ कोटी डॉलरला घेतला, शेअरमागे साधारण ८०० रुपये. पुढच्या वर्षी एप्रिलपर्यंत हिस्सा निम्म्याच्या पुढे गेला आणि आय-फ्लेक्स ओरॅकलची उपकंपनी झाली. ओरॅकलला आणखी हवं होतं. उरलेल्या भागधारकांना १,४७५ रुपयांची ऑफर आली, पण बाजाराला तो भाव पटेना. शेवटी ओरॅकलला २,१०० रुपयांपर्यंत चढावं लागलं, तेव्हा कुठे जानेवारी २००७ मध्ये हिस्सा ८३ टक्क्यांच्या आसपास पोचला. ज्यांनी दीड वर्ष हातातले शेअर सोडले नाहीत, त्यांचं चांगलंच फावलं. २००८ मध्ये आय-फ्लेक्स हे नाव गेलं. भारतातून निघून जगभर चाललेल्या मोजक्या सॉफ्टवेअर उत्पादनांपैकी एकावर तेव्हापासून ओरॅकलचा शिक्का आहे.

पण शंभर टक्के मालकी काही हाती आली नाही. उलट २०१० मध्ये सरकारने नियम केला, की शेअर बाजारातल्या खासगी कंपनीचे किमान २५ टक्के शेअर जनतेकडे असलेच पाहिजेत. मुदत होती जून २०१३. ओरॅकलला काही शेअर बाजारात विकावे लागले आणि आता तिचा वाटा ७३ टक्क्यांच्या आसपास आहे. हे शेअर ठेवलेत ओरॅकल ग्लोबल (मॉरिशस) लिमिटेड या कंपनीच्या नावावर. म्हणजे मुंबईच्या कंपनीची कागदोपत्री आई मॉरिशसला, आणि आजी अमेरिकेत. भारत-मॉरिशस कर करारामुळे तेव्हा ही वाट परदेशी गुंतवणूकदारांच्या अगदी पायाखालची होती. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारतात कर लागू झाला.

पैसा आईकडे कसा जातो? मुख्य रस्ता लाभांशाचा. २०१४ मध्ये कंपनीने साठलेल्या रोख रकमेतून शेअरमागे ४८५ रुपये वाटले, शेअरची दर्शनी किंमत ५ रुपये असताना! एकूण रक्कम ४ हजार कोटींच्या घरात. २०२४ मध्ये शेअरमागे २४० रुपये दिले, म्हणजे २ हजार कोटींहून जास्त, आणि त्यातले दीड हजार कोटी ओरॅकलचे. इथे छोट्या भागधारकाचीही चंगळ आहे, कारण आईला दर शेअरमागे जेवढं मिळतं तेवढंच त्यालाही मिळतं.

दुसरा रस्ता आपसातल्या व्यवहारांचा, आणि खरं लक्ष ठेवायचं ते इथे. उपकंपनीने आईच्याच दुसऱ्या कंपनीला काम स्वस्तात करून दिलं, तर नफा गुपचूप तिकडे सरकतो. छोट्या भागधारकाला त्यातला छदाम मिळत नाही आणि आपल्या सरकारचा करही बुडतो. म्हणून आयकर कायदा सांगतो, की अशा व्यवहाराचा भाव परक्या गिऱ्हाइकाला लावला असता तसाच हवा. सेबीने आणखी एक कुलूप लावलंय. असे व्यवहार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे असतील तर भागधारकांची मंजुरी लागते आणि त्या मतदानात आईचं मत बाजूने धरत नाहीत. एरवी मोठ्या बदलांच्या ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. ७३ टक्के त्याहून जरा कमीच, पण छोटे भागधारक मतदानाला फिरकतच नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा तेवढे पुरतात.

स्वतंत्र व्यक्ती असली तरी लेकीच्या उद्योगांचा ठपका आईवर येतो का? येतो. प्रकरण गोरेगावच्या कंपनीचं नाही, ओरॅकल इंडियाचं आहे. २००५ ते २००७ दरम्यान भारत सरकारशी झालेल्या सौद्यांतले सुमारे २२ लाख डॉलर वितरकांकडे हिशोबाबाहेर ठेवले गेले, असा ठपका अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियंत्रकाने ठेवला. २०१२ मध्ये त्यासाठी मूळ ओरॅकलने २० लाख डॉलर दंड भरला. २०२२ मध्ये पुन्हा तेच. या वेळी तुर्की, संयुक्त अरब अमिराती आणि भारत अशा तीन ठिकाणच्या उपकंपन्यांचा लाचखोरीचा मामला होता. भारतातला सौदा २०१९ चा, रेल्वे मंत्रालयाची बहुसंख्य मालकी असलेल्या एका वाहतूक कंपनीसोबतचा. आरोप मान्य किंवा अमान्य न करता ओरॅकलने प्रकरण मिटवलं. रक्कम होती २.३ कोटी डॉलरहून जास्त, आणि ती अमेरिकेच्या तिजोरीत गेली.