ड्रोन तापतोय? आधी कुठं ते शोधा, मग स्क्रू खोला

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

मे महिना, कोल्हापुरात दुपारी पारा चाळिशीच्या जवळ, आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: "ड्रोन लई तापतोय, काय करू?" राजारामपुरीतल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज तर असा आहे: घरी टेबलावर सेटिंग करताना आठ-दहा मिनिटांत गॉगलमधलं चित्र जातं, पण उडवला की ठीक चालतो. तो नवीन फ्लाइट कंट्रोलर मागवायला निघालाय. थांब भावा! पैसे घालायच्या आधी हे ऐक.

आधी हवेचं गणित

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंचीवर आहे. इथं 38 अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.06 किलो भरतं. समुद्रसपाटीला 15 अंशाला तेच 1.225 किलो असतं. म्हणजे हवा जवळपास 13 टक्के विरळ. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला प्रॉप जास्त जोरात फिरवावा लागतो, करंट वाढतो. वर ती हवा स्वतःच गरम, त्यामुळं थंडही कमी करते. दुहेरी मार. म्हणून जानेवारीत नीट उडणारा ड्रोन मेमध्ये कुरकुर करतो. भाग खराब झालाय असं लगेच समजू नका.

दुसरी गोष्ट, करंट दुप्पट झाला की तारेत आणि सोल्डरमध्ये उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. समजा बॅटरीच्या कनेक्टरचं सोल्डर कच्चं आहे आणि तिथं 10 मिलिओहम रोध आहे. 30 अँपिअर गेले की त्या एका टाक्यावर 9 वॉट उष्णता. तुमची छोटी सोल्डरिंग गन 25 वॉटची असते, यावरून अंदाज घ्या. पिवळं प्लास्टिक मऊ झालेलं किंवा तपकिरी पडलेलं दिसलं, तर चोर तिथंच आहे.

कधी तापतो, हा पहिला प्रश्न

मी कुठलाही ड्रोन हातात घेतला की आधी हेच विचारतो.

*टेबलावर तापतो, हवेत ठीक:* आपल्या राजारामपुरीच्या मित्राची केस. संशय सरळ व्हिडिओ ट्रान्समीटरवर. तो बॅटरीतून काही वॉट ओढतो, त्यातला थोडाच भाग अँटेनातून बाहेर जातो, बाकी सगळी उष्णता. उडताना वारा ती घेऊन जातो, टेबलावर वारा नाही. उपाय फुकटातला आहे: सेटिंग करताना पॉवर 25 मिलिवॉटवर ठेवायची आणि समोर टेबल फॅन लावायचा. बीटाफ्लाइटमध्ये डिसआर्म असताना ट्रान्समीटरची पॉवर आपोआप कमी ठेवायची सोय आहे, ती चालू करा. आणि अँटेना न लावता पॉवर कधीच द्यायची नाही, त्यानं ट्रान्समीटर जळू शकतो.

*बॅटरी लावताच काही सेकंदांत चटका:* हे तापणं नाही, शॉर्ट आहे. लगेच बॅटरी काढा. सोल्डरचा थेंब, तारेचा सुटा धागा, फ्रेमच्या कार्बनला टेकलेली तार बघा. कार्बन फायबरमधून वीज जाते, हे बरेच जण विसरतात. नवीन जोडणीनंतर पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये सिरीजमध्ये गाडीचा 12 व्होल्टचा 21 वॉटचा बल्ब घाला. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ड्रोन वाचतो. त्या बल्बवर मोटारी फिरवायच्या नाहीत, तो फक्त तपासणीपुरता.

*उडवल्यावर तापतो:* तीस सेकंद हॉवर करा, उतरवा, बॅटरी काढा आणि मग एकेक मोटार हातानं तपासा. बोट टिकत नसेल तर तापमान साधारण 60 अंशांच्या पुढं गेलंय. साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट 80 अंशांच्या आसपास ताकद गमवायला लागतात, आणि ती परत येत नाही.

एक मोटार की चारही?

एकच तापली, तर दोष त्या हाताचा. बेअरिंग खरखरतंय का, शाफ्ट वाकलाय का, बघा. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मोटार बसवताना घातलेला लांब स्क्रू, जो आत वाइंडिंगला टेकतो. सगळं ठीक असेल तर ती मोटार शेजारच्या हातावर लावा. ताप मोटारीबरोबर गेला तर मोटार खराब, जुन्याच जागी राहिला तर ईएससी.

चारही तापल्या, तर दोष सेटिंगचा किंवा जोडीचा. त्याच फेऱ्यांवर 5 इंचाच्या जागी 6 इंची प्रॉप फिरवायला अंदाजे अडीचपट ताकद लागते. 4एसच्या जास्त केव्हीच्या मोटारीला 6एस बॅटरी लावली तरी हेच. प्रॉप बरोबर असेल तर ट्यूनिंग बघा. डी गेन फार वाढवला किंवा फिल्टर फार कमी केले, की मोटार सेकंदाला शेकडो वेळा बारीक धक्के खाते. ड्रोन दिसायला स्थिर, पण मोटार भट्टीसारखी.

विमानवाल्यांसाठी

थर्माकोलच्या विमानात ईएससी पोटात कोंडलेला असतो, आणि थर्माकोल उष्णता धरून ठेवतो. नाकाला भोक पाडून भागत नाही, हवा बाहेर जायलाही वाट हवी, आणि ती आत येणाऱ्या वाटेपेक्षा मोठी, शक्यतो दुप्पट. स्वस्त ईएससीतला लिनिअर रेग्युलेटरही तपासा. 16.8 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना अर्धा अँपिअर दिला, तरी जवळपास 6 वॉट नुसते जळतात. सर्व्हो जास्त असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी लावा. नाहीतर तो हवेत बंद पडतो, रिसीव्हर जातो, आणि विमान कुणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही.

बॅटरीशी मस्ती नाही

उतरल्यावर लिपो गरम असेल तर थंड होईपर्यंत चार्जिंग नाही. 1500 एमएएचला 1.5 अँपिअर पुरे. फुगलेला पॅक उडवायचा नाही, टोचायचा तर नाहीच. उन्हात उभ्या गाडीत पॅक ठेवू नका. चार्जिंग गादीवर नाही, फरशीवर, शेजारी वाळूची बादली, आणि आपण जागे. लिपो पेटला तर खोली भरून धूर होतो आणि घरात माणसं झोपलेली असतात.

खरेदीआधी

तापमान मोजायला कोविडच्या काळातली ताप बघायची गन चालत नाही, ती शरीराच्या तापमानापुरतीच असते. औद्योगिक गन घ्या. उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांना ती रोज लागते, तिथं चौकशी करा. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून आधी काळी टेप चिकटवा.

आणि चाचणीसाठी बाहेर पडण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. सकाळी सातला जा, हवा थंड आणि मैदान रिकामं.

तर राजारामपुरीच्या मित्रा, आज टेबल फॅन लाव, पॉवर 25 वर आण आणि वीस मिनिटं चालू ठेवून बघ. चित्र टिकलं तर तुझे पैसे वाचले. नाही टिकलं, तर कुठला भाग किती मिनिटांनी तापला ते लिहून पाठव, पुढच्या भागात तिथूनच सुरुवात करू. भेटूया!