फर्मवेअर टाकल्याने रेडिओचं काय बदलतं?

वॉकीटॉकीचा पल्ला कमी पडला की हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत कुणीतरी हमखास सुचवतो, ‘नवं फर्मवेअर टाकून बघ.’ त्याने पल्ला वाढत नाही. व्हीएचएफ-यूएचएफच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची एखादी धार आली की पलीकडचा ऐकू येत नाही, आणि यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. पाच वॉटचा सेट फर्मवेअरने दहा वॉटचा होत नाही. ती ताकद आतल्या पॉवर ट्रान्झिस्टरची. पैसे खर्चायचेच असतील तर अँटेनावर खर्चा.

मग फर्मवेअरने होतं काय? बरंच होतं. २०१६च्या सुमारास ट्रॅव्हिस गुडस्पीड आणि त्यांच्या साथीदारांनी टीवायटी एमडी-३८० या डीएमआर पद्धतीच्या डिजिटल सेटचं फर्मवेअर उकलून त्यात दुरुस्त्या केल्या. सेट तोच, पण आता कुठल्याही टॉकग्रुपवरचं, म्हणजे ठरावीक गटातलं, बोलणं ऐकता येऊ लागलं आणि समोरच्याच्या आयडी क्रमांकासोबत त्याचं नावही पडद्यावर दिसू लागलं.

खरा घोळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्याने. फर्मवेअर म्हणजे सेट चालवणारा मूळ प्रोग्राम. कोडप्लग म्हणजे तुम्ही भरलेली चॅनेल, टोन, रिपीटर, टॉकग्रुप. तिसरी गोष्ट कॅलिब्रेशन, आणि ती बहुतेकांच्या गावीही नसते. कारखान्यात प्रत्येक सेट मोजून त्याची पॉवर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय), बॅटरीचं व्होल्टेज यांचे आकडे त्याच्या मेमरीत लिहिलेले असतात. क्वानशेंग यूव्ही-के५मध्ये ते ८ किलोबाइटच्या ईईप्रॉमच्या शेवटच्या ५१२ बाइटमध्ये बसतात. हौशी फर्मवेअर घालताना किंवा सगळं पुसून नव्याने भरताना हे आकडे गेले, तर मित्राच्या सेटमधली फाइल आणून भागत नाही. ते आकडे त्याच्या सेटचे. बॅटरी भरलेली असूनही अर्धी दिसणं, स्क्वेल्च भलत्याच ठिकाणी उघडणं, असले चाळे मग सुरू होतात. म्हणून के५ हातात आला की आधी त्याच्या कॅलिब्रेशनची प्रत काढून ठेवायची, फर्मवेअरचं नंतर.

‘चर्पने माझ्या बाओफेंगचं फर्मवेअर बदललं’ असं सांगणारेही भेटतात. चर्प हे सेटमध्ये चॅनेल भरायचं सॉफ्टवेअर; त्याने बदलली ती चॅनेलची यादी. मूळ यूव्ही-५आरचं फर्मवेअर वापरणाऱ्याला बदलता येतच नाही; ते कारखान्यात एकदाच लिहिलं जातं.

अपडेट मध्येच तुटलं की सेट कायमचा मेला, ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम वेगळ्या जागी असतो आणि सहसा शाबूत राहतो. के५चा पडदा काळा पडला तरी पीटीटी म्हणजे बोलायचं बटण दाबून सेट चालू करा. टॉर्च पेटली की तो पुन्हा फाइल घ्यायला तयार आहे. चुकीच्या मॉडेलची फाइल घालणं मात्र टाळा, आणि बॅटरी भरलेली असू द्या. पहिल्याच पायरीला संगणक सेटला ओळखत नसेल तर संशय केबलवर घ्या. स्वस्त केबलींमधली नकली प्रोलिफिक चिप विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो, आणि बोल लागतो बिचाऱ्या सेटला.

‘नवी आवृत्ती आली की लगेच टाकावी’ हेही सरसकट खरं नाही. एनीटोनच्या डिजिटल सेटमध्ये फर्मवेअर आणि संगणकावरचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. एकच पुढे नेली तर कोडप्लग बिघडू शकतो. काही व्यावसायिक सेटमध्ये तर एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. आवृत्तीसोबतची टीप वाचा. तुम्हाला छळणारा दोष त्यात दुरुस्त झाला नसेल तर घाई कसली?

राहिला कायदा. हौशी फर्मवेअरने सगळ्या पट्ट्यांवर बोलणं खुलं होतं, परवाना होत नाही. भारतात हॅमला व्हीएचएफवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची पट्टी आहे, तीही दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवान्यानंतर. विनापरवाना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी २०१८ पासून खुली आहे, पण कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी. ट्रेकला नेलेला पाच वॉटचा बाओफेंग त्या पट्टीवर लावला, तरी तो या सवलतीत बसत नाही.