गोष्ट जन्मते केव्हा? ग्रिम बंधूंच्या सिनेमाच्या निमित्ताने

मित्रहो, आज आपण एक सिनेमा समोर ठेवू. ‘द वंडरफुल वर्ल्ड ऑफ द ब्रदर्स ग्रिम’, १९६२ चा. हेन्री लेव्हिन आणि जॉर्ज पाल यांचा. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मुलांचा सिनेमा कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्यातला एक प्रसंग आपल्या कामाचा आहे.

सिनेमातला याकोब शिस्तीचा विद्वान, तर विल्हेल्म गोष्टींचा वेडा. तो एका म्हातारीच्या घराबाहेर लपून तिच्या गोष्टी ऐकतो. पुढे तापाने अंथरूण धरतो. त्या ग्लानीत, कागदावर न उतरलेली पात्रं त्याच्याभोवती जमतात आणि विनवतात की, बाबा रे, तू गेलास तर आमचा जन्मच होणार नाही.

प्रसंग मनाला भिडतो. पण ही पात्रं म्हणतात ते खरं आहे का? म्हातारी सांगते आहे, पोरं ऐकताहेत. मग गोष्ट जन्मली नाही असं कसं म्हणायचं? असणं वेगळं, नोंद होणं वेगळं. सिनेमा या दोहोंची गल्लत करतो. आपणही रोज करतोच की!

आता इतिहास पाहू. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला, दुसरा १८१५ मध्ये. पण हे दोघे त्यासाठी रानोमाळ हिंडले नाहीत. बऱ्याचशा गोष्टी त्यांना कासेल शहरातल्या ओळखीच्या घरांतून मिळाल्या. तिथल्या औषधविक्रेत्याच्या घरातली डोरोथेआ विल्ड गोष्टी सांगे. पुढे १८२५ मध्ये विल्हेल्मने तिच्याशीच लग्न केलं. आणखी एक होती डोरोथेआ फीमान. शिंप्याची बायको, भाजी विकायला कासेलला येणारी. तिच्याबद्दल ग्रिम बंधूंनी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ती आधी ओघात गोष्ट सांगे, मग हवी तर सावकाश, उतरवून घेता येईल अशी. पुन्हा सांगताना काही बदलत नसे, चुकलंच तर स्वतः दुरुस्त करी.

बघा हं. चूक दुरुस्त करायची तर बरोबर काय ते आधी ठाऊक लागतं. फीमानबाईंना ते कागदाशिवाय ठाऊक होतं. म्हणजे गोष्ट त्यांच्यापाशी पुरती घडलेली होती.

उलट, बदल झाले ते कागदावर. विल्हेल्म दर आवृत्तीला भाषा घासूनपुसून घेत राहिला. १८१२ मध्ये हिमगौरीचा छळ करते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आणि १८५७ ची सातवी आवृत्ती आज जगभर ‘मूळ’ म्हणून वाचली जाते!

मग लिहिणं वाईट का? मुळीच नाही. फीमानबाई १८१५ मध्येच वारल्या. तोवर कुणी उतरवून घेतलं नसतं, तर त्यांच्या तोंडची गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली असती. म्हणून त्या पात्रांची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या खाटेपाशी उभी आहेत. त्यांनी म्हातारीच्या उशाशी जाऊन विचारायला हवं होतं, ‘आजी, तू गेलीस तर आम्ही कुणाकडे जायचं?’

आपल्या दख्खनचं एक उदाहरण देतो. मेरी फ्रियर यांचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झालं. गोष्टी सांगणाऱ्या होत्या त्यांच्याकडच्या आया, ॲना लिबेराटा डिसोझा. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्या पुस्तकात ॲनाबाईंची स्वतःची जीवनकहाणीही छापलेली आहे. त्यामुळे त्या गोष्टी कुणाच्या तोंडून आल्या, ते आज आपण नाव घेऊन सांगू शकतो.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी जरूर टिपून ठेवू या. पण त्यासोबत सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली, हेही लिहू या. तेवढं राहिलं, तर आपली नोंद अर्धीच.

असो. आता प्रश्न घेऊ.