चुगलखोर पांढरा

हल्ली घरसामानाच्या मोठ्या दुकानात शिरलं की निम्मं दुकान पांढरं दिसतं. पांढरे मग, पांढऱ्या फुलदाण्या, पांढरं घड्याळ, टेबलावर पेनं ठेवायचा पांढरा डबा, पांढरी इस्त्री, अगदी केराची टोपलीसुद्धा पांढरी. २००१ साली अ‍ॅपल कंपनीनं आयपॉड हे गाणी ऐकायचं यंत्र आणलं. त्याचा दर्शनी भाग पांढरा होता आणि कानात घालायच्या वायरीही पांढऱ्या. तोवर अशा वायरी बहुधा काळ्या असायच्या. त्यानंतर ‘पांढरं म्हणजे आधुनिक’ हे समीकरण कचेऱ्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत पक्कं होत गेलं.

आपल्या भाषेला मात्र पांढऱ्याची ओळख फार जुनी आहे. गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली जायची. काळीत पीक यायचं आणि पांढरीवर घरं उभी राहायची. म्हणजे माणसाच्या वस्तीचं नावच पांढरी! धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकायची, सणाला भिंतीला चुना लावायचा, दारात शिरगोळ्याची रांगोळी काढायची. घरातला पांढरा रंग एवढाच. बाकी भांडी तांब्या-पितळेची आणि घोंगडं काळं.

आता एक साधा प्रश्न विचारतो. वस्तू पांढरी दिसते म्हणजे काय होतं? साखरेचा एकच मोठा खडा उजेडात धरून बघा, तो जवळजवळ काचेसारखा पारदर्शक असतो. तोच कुटला की पांढरा होतो. मिठाचं तसंच, आणि फुटलेल्या काचेच्या चुऱ्याचंही तसंच. प्रत्येक कणाच्या कडेवर उजेड वाकतो, उडतो, पुढच्या कणावर आपटतो आणि शेवटी सगळ्या रंगांसकट आपल्या डोळ्याकडे परत येतो. कुठलाच रंग गिळला गेला नाही की आपण त्याला पांढरा म्हणतो. ज्यांनी स्वतः भिंतीला चुना लावला आहे त्यांना ठाऊक असेल की ओला असताना चुना लागला की नाही हेच कळत नाही, आणि दुपारपर्यंत भिंत उजळून निघते. ओल्या चुन्यात कणांच्या मधल्या फटी पाण्यानं भरलेल्या असतात, त्यामुळे उजेड फारसा उडत नाही. पाणी गेलं, फटीत हवा आली की पांढरा रंग प्रकट होतो.

चुना भिंतीला चालतो, पण लाकडाला आणि लोखंडाला चालत नाही. तिथं शतकानुशतकं वापरला गेला तो सफेदा, म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर महिनोन् महिने ठेवायचे आणि त्यांवर चढलेला पांढरा थर खरवडून घ्यायचा, अशी ती रीत. रंग देखणा व्हायचा, पण तो बनवणारे आणि लावणारे कारागीर पोटातल्या कळांनी आणि लुळ्या पडलेल्या मनगटांनी झिजत जायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९२१ साली इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर निर्बंध घालणारा ठराव केला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारा नियम २०१६ साली आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. म्हणून जुन्या घराची पांढरी दारं-खिडक्या नव्यानं रंगवणार असाल तर जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला करूनच घासा आणि त्या दिवशी लहान मुलांना घराबाहेर ठेवा. पोरं खिडकीच्या चौकटीचे पापुद्रे सोलतात आणि तेच हात तोंडात घालतात.

सफेद्याची जागा ज्यानं घेतली त्याचं नाव टायटॅनियम डायॉक्साइड. १९१६च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत तो कारखान्यात तयार होऊ लागला. उजेड वाकवण्याची त्याची ताकद हिऱ्याहूनही जास्त आहे, म्हणून पातळसा थर दिला तरी खालचं सगळं झाकून जातं. तुमच्या घरातली प्लास्टिकची पांढरी बटणं, फ्रिजचा रंग, पांढरं सनमायका, या सगळ्यांत बहुधा तोच आहे. आणि तो येतो कुठून? काळ्या वाळूतून. इल्मेनाइट नावाचं काळं खनिज समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, नेवरे, मालगुंड या किनाऱ्यांवर ही काळी वाळू आहे. मालगुंड म्हणजे केशवसुतांचं गाव. आम्ही कवी मंडळी तिथं त्यांचं घर बघायला जातो आणि पायाखालच्या वाळूकडे बघतही नाही.

केरळात मात्र या वाळूवर मोठा उद्योग उभा आहे. तिरुवनंतपुरम आणि चवरा इथल्या सरकारी कारखान्यांत काळ्या वाळूपासून पांढरी भुकटी निघते. वाळू उपसल्यानं गाव समुद्रात चाललंय म्हणून कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडच्या लोकांनी २०१८-१९ साली मोठं आंदोलन केलं. वाळूतून लोखंड वेगळं काढायला एका पद्धतीत गंधकाचं आम्ल लागतं आणि मागे उरतं ते आम्लाचं सांडपाणी. पांढऱ्या मगाच्या खोक्यावर यातलं काही छापलेलं नसतं.

कापडाची गोष्ट निराळी. धुतलेलं कापड कालांतरानं पिवळट होतं, आणि आपल्या डोळ्याची खोड अशी की किंचित निळसर पांढरा त्याला जास्त पांढरा वाटतो. परीट नीळ द्यायचा तो याचसाठी. नाव नीळ असलं तरी ती निळीच्या झाडाची नसे. चिनी माती, सोडा आणि गंधक भट्टीत भाजून केलेली ती भुकटी, आणि तिची कृती १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये सापडली. पुढे टिनोपॉल आलं. हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आपण ते भाषेतच घेतलं. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतं आणि त्यांचा निळा उजेड करून बाहेर टाकतं. म्हणजे असा सदरा नुसता उजेड परत करत नाही, थोडा स्वतःचाही मिसळतो. हल्लीच्या बहुतेक एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे तोच सदरा दुकानात एक दिसतो आणि रस्त्यावर दुसरा. जुनी माणसं कापड घेताना ते दुकानाच्या दारात उजेडात आणून बघत, ते उगाच नाही.

एवढा खटाटोप करून आणलेली वस्तू पिवळी पडली की आपण ती घासत बसतो. पण पिवळेपणा नेहमी मळाचा नसतो. विजेच्या बटणांचं आणि जुन्या संगणकांचं प्लास्टिक उजेडानं आणि उष्णतेनं आतूनच बदलतं. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो लाकडातला लिग्निन त्यात राहिलेला असतो म्हणून. इथं घासण्याचा उपयोग नाही, उलट चरे पडतात आणि चऱ्यांत खरा मळ बसतो. चिनी मातीच्या कपाचा चहाचा डाग मात्र खाण्याच्या सोड्यानं निघतो. झिलईला बारीक भेगा गेल्या असतील तर तो कायमचा समजावा.

आणि एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. पांढऱ्या फरशीसाठी, संडासाच्या भांड्यासाठी आपण ब्लीचचं द्रावण आणतो आणि आम्लाचा क्लीनरही आणतो. ही दोन कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही ओतू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. बंद न्हाणीघरात तो थोडासाही पुरे. घरात कामाला येणाऱ्या बाईंना हे कुणी सांगितलेलं नसतं आणि बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी असतात.

मग पांढऱ्या वस्तू घ्याव्यात की नाहीत? माझं मत विचाराल तर, पांढरा रंग चुगलखोर आहे आणि तोच त्याचा गुण आहे. जिथं मळ दिसायलाच हवा तिथं तो घ्यावा. दवाखान्याची चादर, जेवणाची बशी, न्हाणीघराची फरशी, बाळाचं दुपटं. आमच्या घरात दस्तरखान पांढरा असायचा आणि सांडलेला रस्सा कुणी सांडला हे लगेच कळायचं. पण दिवाणखान्यातला पांढरा सोफा, ज्यावर पाहुण्यांच्या पोरांना बसू द्यायचं नाही, तो कशासाठी?

चिनी मातीचा पांढरा कप मी आणखी एका ठिकाणी पाहिला आहे. लहानपणी एका मित्राच्या घरी गेलो की ओसरीवरच्या कोनाड्यातून कानतुटका कप निघायचा आणि त्यातून मला चहा मिळायचा. घरातली माणसं पितळी पेल्यातून प्यायची. कप स्वच्छ असायचा, कारण तो विसळून पालथा घालायचं काम माझंच असायचं. मित्राची आई चहात आलं भरपूर घालायची, हेही सांगायला हवं.

कचेरीत पांढऱ्याचं राज्य वेगळ्या तऱ्हेचं. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो. बाबूंच्या खुर्चीवर तो नसतो. एकेकाळी त्याला काही अर्थ असेलही. धुळीतून, घामातून दौरा करून आलेला अधिकारी तोंड पुसत असेल. आता खोलीत वातानुकूलन यंत्र आहे, त्याचाही रंग पांढराच, आणि टॉवेलानं कुणी काही पुसत नाही. तरी तो रोज स्वच्छ लागतो. तेलाचा डाग पडला की शिपाई तो उचलतो, दुसरा टाकतो आणि मळका टॉवेल पिशवीत घालून धुवायला पाठवतो. साहेबांची बदली होते, नवे साहेब येतात, आणि पहिल्या सकाळी टेबलावर फायली येण्याआधी खुर्चीवर नवा टॉवेल आलेला असतो.