गोरेवाड्याचा वाघ आणि आपल्या आयाबहिणी

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन नागपूरचे गोरेवाडा प्राणिसंग्रहालय पाहिले. हे २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. येथे माणसे बंद बसमध्ये आणि वाघ मोकळा. वाघ दिसताच पोरांनी टाळ्या पिटल्या. आमची सौ. मात्र गप्प होती. तिचे माहेर वडशाकडचे.

"बाबा, वडशाचा वाघ कुठे आहे?" धाकटीने विचारले.

वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात १३ माणसांचा जीव घेणारा 'सीटी-१' वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडून गोरेवाड्याच्याच बचाव केंद्रात आणला होता. हे केंद्र लोकांना दाखवत नाहीत.

शहरातला माणूस तिकीट काढून, बसमध्ये बसून वाघ पाहतो. आपल्या बाया पहाटे मोहफुले वेचायला पायी जातात. हौसेने नव्हे, पोटासाठी.

बंधू-भगिनींनो, वाघाशी आपले वैर नाही. पण जंगलात एकटे जाऊ नका. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. चौघी वेचत असतील तर एकीने उभे राहून राखण करावी. आणि ग्रामसभेत उठून गावातच काम मागा. पोरांनी वाघ पाहावा, पण त्यांची आईही संध्याकाळी घरी यावी.