गाठीतला जनुक आणि गावातली नोंद

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांचा स्कॅन सारखा दिसला, तरी त्यांची औषधं वेगळी असू शकतात. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी केली की ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल आहे का, ते कळतं. असेल तर जेफिटिनिब किंवा ऑसिमर्टिनिबसारखी गोळी लागू पडते. नसेल तर ती बहुधा वायाच. हा बदल युरोपीय रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांत अधिक आढळतो, त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी टाळणं परवडणारं नाही. (खर्च परवडतो का, हा वेगळाच प्रश्न.)

पण एका रुग्णाचा अहवाल फायलीत पडून राहिला, तर पुढच्याला त्याचा काय उपयोग? म्हणून रुग्णनोंदणी. मुंबईत ती १९६३ पासून आहे. मला मात्र बार्शीचं काम जास्त मोलाचं वाटतं. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कर्मचारी रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव फिरले, लक्षणं समजावत गेले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. अशा नोंदींना जनुकीय अहवाल जोडले, तर कोणत्या बदलावर कोणतं औषध किती काळ टिकतं, हे आपल्याच रुग्णांवरून तपासता येईल.